अजून खेळतेस?

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात बुफेच्या रांगेत उभी होते. पुढे आईच्या लांबच्या बहीण, म्हणजे माझ्या मावशी. त्यांनी विचारलं, "अजून शिकतेस?" म्हटलं, हो, पीएचडी चालू आहे. "विषय काय?" म्हटलं, व्हिडीओ गेम्स. मावशींनी दोन जिलब्या घेतल्या, मठ्ठा घेतला, आणि मग वळून विचारलं, "म्हणजे अजून खेळतेस?"

दोन्ही प्रश्नांत 'अजून' आहे, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच आहे: हे एव्हाना संपायला हवं होतं. मी २९ वर्षांची आहे. नोकरी नाही, फेलोशिप आहे. लग्न नाही, प्रबंधाची तिसरी आणि चौथी प्रकरणं आहेत. त्यामुळे आज मला ज्या गेमबद्दल लिहायचंय, त्याच्यावर आधीच थोडा राग आहे हे तुम्हाला सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही सावध राहाल.

माझा प्रबंध थोडक्यात असा: व्हिडीओ गेम्स खेळत वाढलेली पिढी आता तिशी-चाळिशीत आहे. गेम बनवणारेही त्याच वयाचे झाले. मग गेम्समध्ये 'मोठं होणं' कसं दिसायला लागलं? कोण मोठं होतं, कशामुळे होतं आणि कुणाला ती संधीच मिळत नाही?

लोकांना माझ्याकडून वेगळंच उत्तर हवं असतं. "खेळणं वाईट की चांगलं ते सांग." त्यावरही काम झालंय, म्हणून पटकन सांगते. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर बहुतेक अभ्यास खेळणाऱ्यालाच विचारायचे की बाबा, तू किती तास खेळतोस? आता आपण फोनवर किती वेळ असतो हे आपल्याला तरी कुठे धड सांगता येतं? या मंडळींनी खेळण्याच्या वेळेची नोंद थेट गेम कंपन्यांकडून घेतली. दोन गेम्स, ३,२७४ खेळाडू. जास्त वेळ खेळणारे किंचित जास्त समाधानी दिसले. पण आधी काय, समाधान की खेळ, हे त्यातून कळत नव्हतं. म्हणून २०२२ मध्ये त्यांनी सात गेम्स आणि जवळजवळ ३९,००० खेळाडू घेऊन सहा आठवडे माग काढला. निष्कर्ष असा की खेळण्याच्या तासांचा मनःस्वास्थ्यावर जाणवेल असा परिणाम दिसत नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. फरक दिसला तो कारणात. मनापासून खेळावंसं वाटतं म्हणून खेळणारे बरे होते, खेळायलाच हवं असं वाटून खेळणारे तितके बरे नव्हते.

मला हा अभ्यास आवडतो. पण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. त्यांनी "किती तास?" असं विचारलंच नव्हतं. त्यांना मी या वयात कोण आहे ते विचारायचं होतं. ते तासांत मोजता येत नाही, म्हणून मी आकडे सोडून गेम्स वाचायला बसते. एकाच वर्षातले, २०१८ मधले, दोन गेम्स घेऊ.

पहिला, गॉड ऑफ वॉर. तुम्ही खेळत नसाल तरी नाव कानावर असेल. मूळ गेम २००५ चा, प्लेस्टेशन २ वरचा. आमच्या घरी दादाने तो सेकंडहँड मशीनवर लावला तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. दादा खेळायचा आणि मी शेजारी बसून बघायची. त्याचा जीव गेला की कंट्रोलर पाच मिनिटं माझ्याकडे यायचा. नायक क्रेटोस, स्पार्टाचा सेनानी. एरीस या युद्धदेवाच्या कपटामुळे त्याच्या हातून स्वतःचीच बायको आणि मुलगी मारली जाते. त्या दोघींची राख त्याच्या कातडीला कायमची चिकटते आणि म्हणून तो पांढराफटक दिसतो. पुढचे सगळे गेम तो सूड घेत सुटतो. वाटेत येणाऱ्या बायका एक तर बक्षीस म्हणून असतात नाही तर वस्तू म्हणून. २०१० च्या तिसऱ्या भागात पोसायडनच्या महालातल्या एका बाईला तो फरफटत नेतो आणि दार उघडं राहावं म्हणून यंत्रात अडकवतो, आणि ती चिरडून मरते. हे खेळणाऱ्याने बटण दाबून करायचं असतं. दादाने ते केलं तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. दोघंही पुढच्या खोलीत गेलो.

मग आठ वर्षांनी नवा गेम आला. तोच क्रेटोस, पण दाढी पिकायला लागलेली. देश ग्रीसऐवजी उत्तरेकडचा, बर्फाचा. गेम सुरू होतो तेव्हा तो झाड तोडत असतो, दुसऱ्या बायकोच्या, फेच्या, चितेसाठी. तिची शेवटची इच्छा अशी की आपली राख सगळ्यात उंच शिखरावरून सोडावी. क्रेटोस राखेची पुरचुंडी कमरेला बांधतो आणि लहान मुलाला, अट्रेयसला, घेऊन निघतो. पूर्ण गेम म्हणजे हा अस्थिविसर्जनाचा प्रवास. कॅमेरा मध्ये कुठेही तुटत नाही, सलग त्यांच्या मागे चालत राहतो.

हा गेम चांगला आहे. त्याच्यावर टीका करणार आहे म्हणून हे आधी नीट सांगायला हवं. एका कातडीवरची राख आणि दुसरी कमरेची राख हे कुणी शब्दांत बोलून दाखवत नाही, पण वीस-पंचवीस तास ते डोळ्यासमोर असतं. जुन्या गेमची सगळी हिंसा इथे पुसलेली नाही, अंगावर घेतलेली आहे. सुरुवातीला अट्रेयस पहिलं हरीण मारतो आणि हादरतो. क्रेटोसचा हात त्याच्या पाठीवर ठेवायला पुढे येतो, क्षणभर तरंगतो आणि मागे जातो. ज्या हाताने आपण मागच्या गेम्समध्ये हजारो मारले, त्याला एका पोराच्या पाठीवर टेकता येत नाही. दादाने हा गेम घेतला तेव्हा त्याची मुलगी चार महिन्यांची होती. रात्री ती झोपल्यावर तो आवाज बारीक करून खेळायचा. त्या प्रसंगाला त्याने गेम थांबवला आणि उगाचच आत जाऊन पाळण्यात बघून आला. दिग्दर्शक कोरी बार्लॉग स्वतः मधल्या काळात बाप झाला होता आणि त्याचा या गेमवर परिणाम झाला हे त्याने सांगितलेलं आहे. म्हणजे बनवणारा, नायक आणि खेळणारा, तिघंही एकदम बाप झाले.

माझी गोष्ट जरा वेगळी. मी बारावीत असताना आजी गेली. अस्थी घेऊन बाबा आणि दादा वाईला गेले. मी आणि आई घरी. "बायका येत नाहीत," एवढंच कुणीतरी म्हणालं, तेही ओरडून नाही, अगदी सहज. मी लहानपणापासून आजीच्या खोलीत झोपणारी मुलगी, पण मला ते गाडगं हातात धरता आलं नाही. नंतर सुट्टीत दादाकडे गेले तेव्हा त्याच्या मशीनवर मी हा गेम सुरुवातीपासून खेळले. शेवटी शिखरावर बापलेक राख वाऱ्यावर सोडतात तिथे मी खूप रडले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी राख शेवटपर्यंत पोचवली होती, आणि तेही एका दाढीवाल्या स्पार्टन पुरुषाच्या अंगात शिरून.

ते शेवटचं वाक्य लिहिताना मला हसू येतं, पण माझा आक्षेप नेमका तिथूनच सुरू होतो. या गेममध्ये मोठं व्हायला बाप असावं लागतं, आणि बाप मोठा व्हायला आई मेलेली असावी लागते. फे जिवंत असती तर क्रेटोस सकाळी शिकारीला गेला असता आणि पोराशी बोलायचं काम तिचं राहिलं असतं. ती गेली म्हणून त्याला बोलावं लागतं. गेममध्ये जिवंत आई एकच, फ्रेया. ती मुलाच्या प्रेमापोटी त्याच्यावर असा मंत्र टाकते की त्याला काहीच इजा होणार नाही. त्याचा परिणाम म्हणजे बाल्डरला कसलीच जाणीव उरत नाही, ना वेदना ना चव. तो आईवर उलटतो, आणि शेवटी क्रेटोस त्याची मान मोडून तिला वाचवतो. हिशोब मांडून बघा. मेलेली आई आदर्श, जिवंत आई मुलाचा श्वास कोंडणारी, आणि तोल सांभाळणारा तेवढा बाप.

हा एकट्या गेमचा दोष असता तर मी सोडून दिलं असतं. पण २०१२ च्या द वॉकिंग डेडमध्ये ली आणि लहानगी क्लेमेंटाइन, २०१३ च्या द लास्ट ऑफ अस मध्ये जोएल आणि एली. दणकट, दुखावलेला पुरुष आणि त्याच्या सोबतीला एक मूल, हा साचाच पडला. इंग्रजी समीक्षेत याला 'बापीकरण' म्हणता येईल असा शब्दही रुळला. गेम्स वयात आले असं सगळे म्हणाले, ते खरंच आहे. पण वयात आलेल्याची मापं मुलग्याची घेतली होती.

इथे माझ्या विषयातली एक कल्पना सांगते, कारण तिच्याशिवाय दुसरा गेम कळणार नाही. इयन बोगोस्ट या अभ्यासकाने २००७ च्या 'पर्स्वेसिव्ह गेम्स' या पुस्तकात असं मांडलं की गेमचं म्हणणं त्याच्या गोष्टीत असतं त्याहून जास्त त्याच्या नियमांत असतं. साधं उदाहरण सापशिडीचं. पाटावर पाप-पुण्याची चित्रं काढा नाहीतर कार्टूनची, फासा जे देईल ते मुकाट्याने घ्यायचं, हे तो खेळ नियमांतून शिकवतोच. आता क्रेटोसकडे बघा. गोष्ट सांगते की तो मुलाला समजून घ्यायला शिकतो. नियम काय सांगतात? चौकोनाचं बटण दाबलं की अट्रेयस बाण मारतो. मूल म्हणजे एक बटण. गोष्ट आणि नियम यांच्यात ही फट आहे. बनवणाऱ्यांनाही ती दिसली असावी, कारण २०२२ च्या पुढच्या भागात बराच वेळ आपल्याला अट्रेयस होऊनच खेळावं लागतं. बटण झालेलं पोर तिथे स्वतः बटणं दाबतं.

दुसरा गेम, फ्लोरेन्स. मेलबर्नच्या माउंटन्स या छोट्या स्टुडिओने बनवलेला, फोनवर खेळायचा. १४ फेब्रुवारी २०१८ ला आला. नायिका फ्लोरेन्स, वय २५. गजर बंद करा, दात घासा, ऑफिसात आकड्यांच्या जोड्या लावा, आईचा फोन घ्या, झोपा. दात घासायला बोट डावी-उजवीकडे सरकवायचं, बस. राक्षस नाही, कुऱ्हाड नाही. मग तिला क्रिश भेटतो, चेलो वाजवणारा, नावावरूनच आपल्याकडचा. पहिल्या भेटीत तिला बोलायचं असेल तर आपल्याला तुकडे जुळवून संवादाचा फुगा पूर्ण करावा लागतो. सुरुवातीला तुकडे बरेच असतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात, शेवटी फुगा जवळजवळ आपोआप लागतो. एकही शब्द न वापरता गेम सांगतो की आता बोलायला कष्ट पडत नाहीत. पुढे भांडण होतं तेव्हाही तुकडे पटापट लागतात, पण त्यांना टोकं फुटलेली असतात. क्रिश राहायला येतो तेव्हा शेल्फवरच्या आपल्या कोणत्या वस्तू काढून त्याच्या ठेवायच्या हे आपण ठरवायचं. मी तिथे पाच मिनिटं अडकले. गोष्ट आणि नियम इथे एकच बोलतात. लहानपणी चित्रं काढणारी मुलगी नोकरीला लागून ते विसरते, प्रेमात पडते, प्रेम संपतं, आणि ती पुन्हा ब्रश हातात घेते. कुणाची आई न मारता एक बाई मोठी होते.

पुढच्या वर्षी बाफ्टाच्या एकाच सोहळ्यात गॉड ऑफ वॉरला सर्वोत्कृष्ट गेमचं पारितोषिक मिळालं आणि फ्लोरेन्सला सर्वोत्कृष्ट मोबाईल गेमचं. दिवाणखाना आणि माजघर, एवढाच फरक म्हणायचा.

मी फ्लोरेन्स वहिनीला दिला. दादाची बायको बँकेत आहे, गेम्स खेळत नाही, म्हणजे तसं ती सांगते. हा गेम पस्तीस-चाळीस मिनिटांत संपतो. वहिनीला नऊ दिवस लागले. मी मुद्दाम विचारत गेले: कुठे थांबलीस, का थांबलीस. पहिल्या दिवशी कुकर. दुसऱ्या दिवशी पिल्लू उठली. तिसऱ्या दिवशी उघडलाच नाही. चौथ्या दिवशी लोकलमध्ये दोन प्रकरणं, उभ्याने. याच नऊ दिवसांत त्याच घरात दादाने त्याच्या नव्या गेमचे चौदा तास केले. दादा वाईट नाही हो. तो भांडीही घासतो. पण पिल्लू झोपल्यावर त्याचा वेळ 'सुरू' होतो आणि वहिनीचा उद्याचा डबा सुरू होतो.

हे एका घरापुरतं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. आणि हे जे करतात त्यांचे आकडे. दिवसभरात असं काम करणाऱ्या बायका १०० मध्ये ८१ होत्या, पुरुष २६. "अजून खेळतोस?" हा प्रश्न विचारला जायला आधी खेळायला वेळ मिळावा लागतो.

फ्लोरेन्स संपवल्यावर वहिनी काय म्हणाली ते मी वहीत तसंच लिहून ठेवलंय. "आईचा फोन आहे ना, तो अगदी खरा आहे. पण शेवट पटला नाही. नोकरी सोडून चित्रं काढली, सगळं छान झालं. हप्ते कोण भरतंय तिचे?" दोन वर्षं मी या गेमवर परिषदांमध्ये निबंध वाचतेय आणि हे मला सुचलं नव्हतं. फ्लोरेन्सच्या मोठेपणात पैसा येतो तो कंटाळवाण्या आकड्यांच्या रूपात, आणि एकदा मनासारखं काम सापडलं की तो अदृश्य होतो. तिला म्हातारे आईवडील सांभाळायचे नाहीत, घराचं कर्ज नाही. गॉड ऑफ वॉरने मोठेपण बापाला दिलं, फ्लोरेन्सने ते मोकळ्या माणसाला दिलं. वहिनीला दोन्हींत जागा नाही.

आता आई. आमची आई कित्येक वर्षं कँडी क्रश खेळते. ओट्याशी उभी राहून, एका हाताने. तिसरी शिट्टी झाली की फोन पालथा. ती हजारांच्या पुढच्या कुठल्यातरी पातळीवर आहे, आणि मला म्हणते, "तू अजून तेच करत असतेस." तिला कुणीही कधीही "अजून खेळता?" असं विचारलेलं नाही, कारण ती खेळते असं कुणी धरतच नाही, ती स्वतःही नाही. येस्पर यूल या अभ्यासकाने 'अ कॅज्युअल रिव्होल्यूशन' या पुस्तकात दाखवलंय की अशा गेम्सना हलकं समजणं चूक आहे. त्यांची खुबी म्हणजे ते कुठेही तोडता येतात आणि पुन्हा धरता येतात, आणि ते खेळणारी माणसं पुष्कळदा अतिशय चिकाटीने खेळतात. मी यात एवढीच भर घालीन: तोडता येणं ही खुबी त्यालाच लागते, ज्याचा वेळ दुसरं कुणीतरी तोडत असतं. क्रेटोसचा कॅमेरा वीस-पंचवीस तास तुटत नाही. माझ्या आईने सलग वीस मिनिटं काही केलेलं मला आठवत नाही.

तर मग, या वयात खेळणं पोरकटपणा आहे का? माझं म्हणणं असं की प्रश्न उलटा आहे. आपल्याकडे मोठ्या माणसांनी खेळलेलं चालतं. कट्ट्यावर पत्ते कुटणाऱ्या आजोबांना कुणी मोठं व्हायला सांगत नाही. चालत नाही ते एवढंच की ज्याच्याकडून सेवेची अपेक्षा आहे, त्याने सगळ्यांदेखत, न लाजता खेळावं. गॉड ऑफ वॉरसारखा गेम ही गोष्ट बदलत नाही, तो खेळणाऱ्या बापाला वर सन्मान देतो. तो सन्मान दादाला मिळाला याचा मला आनंद आहे, अगदी खरा. मला तो पुरत नाही.

या लेखाचा कच्चा खर्डा मी घरी वाचून दाखवला. दादा म्हणाला, चौदा तास नव्हते, अकरा असतील. मी मशीनवरची नोंद दाखवली. मग तो थोडा वेळ गप्प बसला, आणि त्या रविवारी डब्याची तयारी करायला तो उठला. वहिनीने फोन काढला. मला वाटलं फ्लोरेन्स पुन्हा उघडेल. तिने कँडी क्रश उघडलं. एकशे बारावी पातळी. "कधीपासून?" मी विचारलं. "पिल्लूच्या वेळी दवाखान्यात घेतलं होतं," ती म्हणाली, "तुला कशाला सांगू, तू लिहिशील."

लिहिलं. तिला विचारूनच. तुमच्या घरात असं कोण खेळतंय ते बघा, आणि त्याला "अजून?" असं विचारू नका. विचारायचंच असेल तर कितवी पातळी ते विचारा. पुढच्या वेळी मी तिसऱ्या प्रकरणातले मारियोच्या पिवळ्या कॅसेटचे दिवस घेऊन येते.